दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा जाब कोण देणार?

म्हैसूर हे दुचाकी घडविणारे शहर आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी यादवगिरी भागात 'आयडियल जावा'चा कारखाना उभा राहिला आणि 'जावा' व पुढे 'येझदी' या मोटारसायकली तेथील कामगारांच्या हातून तयार होऊन देशभर गेल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आज नंजनगूडच्या वाटेवर टी.व्ही.एस.चा कारखाना दुचाक्या बनवितो, तर शहरातील टायर कारखान्यातून चाकांचे रबर बाहेर पडते. या कारखान्यांत राबणारा कामगार पहाटेच्या पाळीला दुचाकीवरूनच जातो, कारण चार चाकांची गाडी त्याच्या आवाक्यात नाही आणि सार्वजनिक बसगाडी त्याच्या पाळीच्या वेळेला हजर नाही. दुचाकी ही त्याची हौस नाही, ती त्याच्या रोजीरोटीची अट आहे. म्हणूनच रस्त्यावर दुचाकीस्वार कोणाच्या बेसावधपणामुळे मरतो आणि त्याचा जाब कोणाला विचारला जातो, हा वाहतूक शाखेपुरता प्रश्न राहत नाही. तो कष्टकरी जनतेच्या जगण्याचा प्रश्न होतो.

या प्रश्नाला राज्यसंस्था कसे उत्तर देते, याचा वस्तुपाठ म्हैसूरच्याच रस्त्यावर पाहावयास मिळाला. १२ मार्च २०२३ रोजी बंगळूर–म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सुमारे ११८ किलोमीटर लांबी, सुमारे ८,४८० कोटी रुपये खर्च आणि तीन तासांचा प्रवास सव्वा तासात, असा त्याचा गाजावाजा झाला. अनेक ठिकाणी सेवारस्ते अपुरे असतानाच टोलवसुली सुरू झाली व त्याविरुद्ध निदर्शनेही झाली. पहिल्या काही महिन्यांतच मृत्यूंची रांग लागली, तेव्हा सरकारला जाग आली. १ ऑगस्ट २०२३ पासून मोटारसायकली, स्कूटर, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर बंदी करण्यात आली. बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण या गावांच्या अंगावरून जाणारा हा रस्ता तेथील शेतकऱ्यासाठी आणि कामगारासाठी सेवारस्त्यापुरता उरला.

या उपायाचे मूल्यमापन प्रामाणिकपणे केले पाहिजे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या मोटारींच्या मध्ये दुचाकी चालविणे धोक्याचे आहे, यात वाद नाही. बंदीबरोबर वेग मोजणारी यंत्रे आणि कॅमेरे बसविण्यात आले, दंडाची कारवाई झाली आणि त्यानंतर मृत्यूंची संख्या खाली आली, असे पोलिसांनी सांगितले. यातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते. अपघात म्हणजे दैवाचा घाला नव्हे. देखरेख आणि शिस्त असेल तर माणसे वाचतात. परंतु मग ही देखरेख उद्घाटनाच्या दिवसापासून का नव्हती? आणि जो धोका मोटारीच्या वेगातून व चालकाच्या बेफिकिरीतून निर्माण झाला, त्याचा पहिला दंड म्हणून रस्ता सोडण्याची पाळी दुचाकीवाल्यावरच का आली? धोका उत्पन्न करणाऱ्याला आवर घालण्याआधी धोक्यात सापडणाऱ्याला बाजूला सारावयाचे, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

देशाचे चित्र याहून भीषण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरील होते. याच अहवालात वाहन चालविताना मोबाइल वापरल्यामुळे झालेले मृत्यू ३,३९५ इतके नोंदले आहेत, म्हणजे एकूण मृत्यूंच्या अवघे दोन टक्के. अतिवेगाच्या खात्यावर मात्र शंभरातील एकाहत्तर मृत्यू जमा आहेत. ज्या देशात चौकाचौकांत कानाला मोबाइल लावून गाडी हाकणारे चालक उघड्या डोळ्यांनी दिसतात, त्या देशात बेसावधपणाने झालेले मृत्यू इतके थोडे असतील यावर कोणाचा विश्वास बसावा? गुन्हा नोंदविताना 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने' हे ठरावीक शब्द कागदावर उतरतात आणि तपास तेथेच संपतो. चालकाचे डोळे त्या क्षणी रस्त्यावर होते की हातातील पडद्यावर, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक प्रत्येक संभाषणाची वेळ दूरसंचार कंपनीकडे नोंदलेली असते आणि चोरीच्या वा खुनाच्या तपासात पोलीस ती नोंद मागवितात. दुचाकीवरून कामाला निघालेल्या माणसाच्या मृत्यूला तेवढीही किंमत दिली जात नाही. जे शोधले जात नाही ते आकड्यात येत नाही, आणि जे आकड्यात येत नाही त्याच्यावर उपायही होत नाही.

कायदा नाही अशी स्थिती नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि वाहन चालविताना हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर हा कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्यवहारात पावती फाडली की प्रकरण मिटते. मृत्यू घडला तर, १८७० मध्ये भारतीय दंडविधानात घातलेले कलम ३०४-अ दीड शतकाहून अधिक काळ लागू होते व त्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांवर नेली. गुन्हा जामीनपात्रच राहिला. ज्याच्याजवळ वकील आहे तो त्याच दिवशी घरी जातो, खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि भरपाई द्यावयाचीच झाली तर ती बहुधा विमा कंपनीच्या तिजोरीतून जाते. मृताच्या कुटुंबाला मात्र कमावता माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चूल पेटविण्याची विवंचना असते.

कायदा सर्वांना समान असतो हे तत्त्व रस्त्यावर कसे वितळते, हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात महाराष्ट्राने पाहिले. महागड्या मोटारीच्या धडकेत मोटारसायकलीवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. तेथे प्रश्न मोबाइलचा नव्हता, मद्यपानाचा होता. पण जाबदारीचा प्रश्न तोच होता. मोटार चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह काही तासांत जामीन मिळाला व लोकक्षोभ उसळल्यावर तो निर्णय फिरवावा लागला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. घरच्या पगारी चालकाने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप मुलाच्या कुटुंबीयांवर ठेवण्यात आला. या शेवटच्या आरोपात वर्गसमाजाचे सारे व्याकरण सामावले आहे. गाडी मालकाची, बेफिकिरी मालकाची, आणि तुरुंग मात्र नोकराचा!

याच अनुभवामुळे जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले होते. अपघातानंतर खबर न देता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १०६ चे दुसरे पोटकलम त्यांना अन्यायकारक वाटले. थांबावे तर जमावाच्या हातून मरण आणि जावे तर दहा वर्षे तुरुंग, ही त्यांची भीती खोटी नव्हती. सरकारला माघार घ्यावी लागली आणि संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. चालकांचा तो लढा न्याय्य होता. परंतु त्या लढ्याचा अर्थ जर कोणी असा लावील की चालकाला जाब विचारणे म्हणजेच कामगारविरोध, तर ती घातक चूक ठरेल. ट्रकखाली सापडणारा दुचाकीस्वारही बहुतेक वेळा कामगारच असतो. एका कामगाराच्या निष्काळजीपणाने दुसऱ्या कामगाराचे घर उघड्यावर पडत असेल, तर संघटनेने डोळे झाकणे हे वर्गबंधुत्व होत नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या हाती इतरांचे प्राण असतात. त्या जबाबदारीतून त्याला कोणतीही संघटना मुक्त करू शकत नाही.

तथापि जाब चालकापाशी सुरू झाला तरी तो तेथे संपता कामा नये. बेसावधपणा दोन प्रकारचा असतो. एक स्वतःच्या मोटारीत बसून करमणुकीसाठी पडद्यावर बोटे फिरविणाऱ्याचा. त्याला कसलीही सबब नाही. दुसरा बेसावधपणा मालक विकत घेतो. माल कोठवर आला हे विचारण्यासाठी चालत्या गाडीतील चालकाला वारंवार फोन लावणारा वाहतूकदार, चालकाने काही क्षणांत भाडे स्वीकारले नाही तर ते दुसऱ्याला देणारी टॅक्सी कंपनी, आणि घरपोच माल पोहोचविणाऱ्या पोराला मिनिटांच्या हिशेबात बांधणारी ॲप कंपनी या सर्वांनी मोबाइलला मुकादम बनविले आहे. जुना मुकादम गिरणीच्या खात्यात उभा असे; नवा मुकादम दुचाकीच्या हँडलवर बसविलेला असतो आणि त्याच्याकडे न पाहणाऱ्याची मजुरी कापली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी १ ऑक्टोबर २०२० पासून मार्ग पाहण्यापुरता मोबाइल वापरण्यास मुभा दिली, आणि चालकाचे लक्ष विचलित होऊ नये अशी अट घातली. ही अट चालकावर आहे. लक्ष विचलित करणाऱ्या कंपनीवर कोणतीच अट नाही. त्यात श्रमाचा थकवा मिळवा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरविला होता. खासगी वाहतुकीत तो बहुतांशी कागदावरच राहिला आणि ॲपवर राबणाऱ्यांना तर 'भागीदार' ठरवून कामगारांच्या व्याख्येबाहेरच ठेवण्यात आले. झोपेने जड झालेले डोळे आणि मोबाइलकडे वळलेले डोळे यांचा परिणाम एकच असतो.

मालकाला जबाबदार धरता येत नाही, हा कांगावा खरा नाही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद देण्याची तरतूद कलम १९९-अ मध्ये आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धोकादायक वाहनचालनास चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा कलम १८८ सांगते. हे शस्त्र कायद्याच्या पुस्तकात गंजत पडले आहे, कारण ते मालकवर्गाविरुद्ध उचलण्याची इच्छा नाही. रस्ता बांधणाऱ्यांच्या बाबतीत तर उदारता थक्क करणारी आहे. रस्त्याच्या आखणीत वा बांधणीत निकष न पाळल्याने मृत्यू झाला तर कलम १९८-अ खाली कंत्राटदाराला व जबाबदार यंत्रणेला दंड होऊ शकतो, पण तो जास्तीत जास्त एक लाख रुपये. हजारो कोटींच्या रस्त्यावर माणसाच्या जिवाचा हा भाव!

याउलट स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये जे धोरण स्वीकारले त्याचे सूत्र असे की, माणसाकडून चूक होणार हे गृहीत धरून रस्ता व वाहतूक यांची रचना करावी आणि सुरक्षेची जबाबदारी रचना करणाऱ्यांनीही उचलावी. भांडवली देशातही जनमताच्या रेट्याने हे घडू शकते, तर येथे ते अशक्य का मानावे?

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. रस्त्यावरील प्रत्येक मृत्यूच्या तपासात संबंधित चालकाच्या मोबाइलची त्या वेळची नोंद आणि त्याच्या कामाचे तास तपासणे बंधनकारक व्हावे. चालक मोटारीचा मालक असो वा पगारी नोकर, शिक्षा किती कठोर यापेक्षा ती किती निश्चित आणि किती लवकर, याकडे लक्ष द्यावे. फोन करणारा मालक आणि वेळेचा फास आवळणारी कंपनी यांच्यावर कलम १८८ खाली कारवाई व्हावी. कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवर राबणाऱ्या कामगारांसाठी कायदा करून कंपनीच्या स्वयंचलित देखरेखीची माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. त्या हक्काचा उपयोग अपघाताच्या तपासातही झाला पाहिजे. महामार्गावरून दुचाकी हटवावयाची असेल तर सलग, प्रकाशित व सुरक्षित सेवारस्ता आणि पाळ्यांच्या वेळेला धावणारी बस आधी द्यावी, बंदी नंतर घालावी. मृताच्या कुटुंबाला अंतरिम भरपाई विनाविलंब मिळावी.

हे काम केवळ निवेदनांनी होणार नाही. कारखान्याच्या दारावर, रिक्षातळावर आणि ट्रक अड्ड्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ते हाती घ्यावे लागेल. 'चालत्या गाडीत मालकाचा फोन उचलणार नाही आणि त्यासाठी मजुरी कापू देणार नाही' असा ठराव वाहतूक कामगारांच्या प्रत्येक सभेत होऊ शकतो. त्यात दुचाकीस्वाराचे संरक्षण आहे, चालकाचेही आहे. रस्त्यावर समोरासमोर येणारे हे दोन कष्टकरी एका मागणीखाली उभे राहतील, तेव्हाच त्या दोघांच्या मागे लपलेला तिसरा, ज्याच्या नफ्यासाठी ही धाव चालली आहे, तो जाब देण्यासाठी पुढे ओढला जाईल.