सफाई खात्यातली कायम नोकरी मरू देऊ नका

मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यातला कायम कामगार निवृत्त होतो, तेव्हा हजेरीच्या चौकीवर हार घालतात, नारळ देतात, मुकादम दोन शब्द बोलतो. दुसऱ्या दिवशी त्याचं बीट, म्हणजे झाडायला नेमून दिलेला भाग, कुणाच्या तरी बिटाला जोडलं जातं. त्याची जागा मात्र भरली जात नाही. काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर तोच झाडू घेतलेला एक नवा माणूस दिसू लागतो. काम तेच, घाण तीच, पहाटही तीच. पण या माणसाला पगार देतो कंत्राटदार. त्याला रजा नाही, निवृत्तीनंतर काही नाही आणि आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी नाही.

कायम जागा अशा एकेक करून मरत आहेत. त्या रद्द केल्याचं कुणी जाहीर करत नाही, म्हणून त्यावर चर्चाही होत नाही. हा लेख त्या जागांसाठी आहे. मुंबईत राहणाऱ्या आणि रोज सकाळी डबा भरून कचरा बाहेर ठेवणाऱ्या प्रत्येकाला, आणि पालिकेच्या सभागृहातल्या २२७ नगरसेवकांना माझी कळकळीची विनंती आहे: ही नोकरी वाचवा.

ती कुणी फुकट दिलेली नाही. शहर झाडणं, मैला आणि कचरा उचलणं हे १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याने पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातलं. पालिकेला हवं तर करावं, नको तर सोडावं असं ते काम नाही. पुढच्याच वर्षी, १८८९मध्ये, मुंबईतल्या मैला उचलणाऱ्या हलालखोरांनी संप केला. ज्यांना शहर शिवत नव्हतं, ते हात बांधून बसल्याबरोबर शहराला आपण कुणाच्या जिवावर जगतो ते कळलं. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. स्वातंत्र्यानंतर पी. डिमेलो, जॉर्ज फर्नांडिस, शरद राव यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागे हे कामगार मोर्च्याला निघाले, संपावर गेले. हक्काची रजा, फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन, औषधोपचार, राहायला क्वार्टर यातलं एकेक पदरात पडायला पिढ्या गेल्या. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना या देशात सन्मानाने जगायची जी थोडी साधनं मिळाली, त्यात पालिकेची ही कायम नोकरी फार मोठी होती. तिच्या जोरावर घरात पहिलं मॅट्रिक झालं, पहिली नर्स झाली, पहिला वकील झाला. आपल्यातल्या कितीतरी शिकल्यासवरल्या घरांचा पाया आजोबांच्या झाडूवर उभा आहे.

ही नोकरी पोखरायची सुरुवात कशी झाली, ते नीट सांगायला हवं. कारण युक्ती अजून तीच वापरली जाते. कंत्राटी कामगार कायद्याखाली यायला तेव्हा वीस कामगारांची मर्यादा होती. म्हणून पालिकेने कामाचे तुकडे केले आणि एकेका कंत्राटात अठराच कामगार ठेवले. वर्षात २४० दिवस काम भरलं की कामगाराला काही हक्क मिळतात, म्हणून कंत्राटाची मुदत सात महिने ठेवली. कंत्राटदार बदलायचा, कंत्राटाचं नाव बदलायचं, झाडणारा हात मात्र तोच. काही ठिकाणी तर हे कामगार नाहीतच, समाजसेवा करणारे स्वयंसेवक आहेत आणि त्यांना मिळतं ते मानधन आहे, अशी भूमिका घेतली गेली. उकिरड्यावर उभं राहून ट्रक भरणाऱ्या माणसाला स्वयंसेवक म्हणायचं! श्रीमंत पालिकेने गरिबातल्या गरिबाशी असं वागावं, याची मला आजही लाज वाटते.

या कामगारांपैकी २,७०० जणांना घेऊन कचरा वाहतूक श्रमिक संघ औद्योगिक न्यायाधिकरणात गेला. निकाल २०१४मध्ये आला: हे कंत्राट दिखाऊ आहे, हे पालिकेचेच कामगार आहेत. पालिका वरच्या न्यायालयांत जात राहिली आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या २,७०० जणांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं. देशभरच्या सफाई कामगारांसाठी तो सणाचा दिवस होता. पण निकाल लागला म्हणून भाकर ताटात पडली असं झालं नाही. यादीतलं नाव आणि आधारकार्डावरचं नाव यांचं स्पेलिंग जुळत नाही, एवढ्यावरून अनेकांना पुन्हा दारोदार हिंडावं लागलं. ज्याला स्वतःची सही करता येत नाही, त्याच्या नावाचं स्पेलिंग कंत्राटदाराच्या कारकुनाने चुकवलं आणि त्याची शिक्षा त्याने भोगली. काहींच्या हाती कायम झाल्याचा कागद पडला नाही; तोवर ते वारले होते.

आता पेन्शनबद्दल. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हा हिशेब सुशिक्षितांनाही नीट ठाऊक नसतो.

राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५पासून नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली. मुंबई महापालिकेत ही रेषा ५ मे २००८ला पडली. त्याआधी लागलेल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि तिच्यावर वाढत जाणारा महागाई भत्ता मिळतो. तो गेला तर त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यानंतर लागलेल्याच्या पगारातून दरमहा १० टक्के कापले जातात, मालक आपला वाटा घालतो आणि पैसे बाजारात गुंतवले जातात. साठीला जी पुंजी जमेल, तिच्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक उत्पन्न विकत घ्यायचं. ते किती असेल हे आज कुणी सांगू शकत नाही, आणि महागाई वाढली म्हणून ते वाढतही नाही.

विशीत नोकरीला लागून साठीपर्यंत पैसे साठवणाऱ्या अधिकाऱ्याला ही योजना कदाचित परवडेल. पण वीस वर्षं कंत्राटात झिजून पन्नाशीच्या जवळ कायम झालेल्या मोटर लोडरचं, म्हणजे ट्रकमध्ये कचरा भरणाऱ्याचं काय? त्याच्या खात्यात पैसे जमायला उरली वर्षं दहा-बारा. ती वीस वर्षं त्याने पालिकेचाच कचरा उचलला, पण पेन्शनच्या हिशेबात ती शून्य. म्हणून मी म्हणतो की कंत्राट आणि पेन्शन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्याची कायम होण्याची वर्षं खाल्ली, त्याचं म्हातारपणही खाल्लं.

कुटुंब निवृत्तिवेतनाचं महत्त्व तर या खात्यात सगळ्यांत जास्त. कुजलेल्या कचऱ्यातून, गटाराच्या वायूतून, धुळीतून येणारे फुप्फुसांचे आणि कातडीचे आजार, वास सहन व्हावा म्हणून लागलेली दारू किंवा तंबाखू, आणि सततचं ओझं. सफाई कामगाराच्या घरात विधवा बाई हा अपवाद नाही. सुधारक ओलवे यांनी या कामगारांचे काढलेले फोटो ज्यांनी पाहिले असतील, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. कंबरभर घाणीत उतरलेला माणूस तर त्यांत दिसतोच, त्याचं घर आणि घरातली बाईही दिसते. ती बाई उद्या कशावर जगणार, याचं उत्तर शेअर बाजाराच्या तक्त्यात शोधायला तिला सांगू नये.

मार्च २०२३मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले. त्यातून समिती नेमली गेली आणि २०२४मध्ये राज्य सरकारने शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांची हमी असलेला सुधारित पर्याय मान्य केला. आंदोलनाशिवाय हे घडलं नसतं. मागणी सरळ आहे: अशी हमी पालिकेच्या शेवटच्या झाडूवाल्यापर्यंत, त्याला वाचता येईल अशा मराठीत किंवा हिंदीत, लेखी पोचली पाहिजे, आणि कंत्राटातली वर्षं त्याच्या सेवेत धरली गेली पाहिजेत.

चौकीबद्दल लिहायचं तर अनेक पानं होतील. हजेरी लावायची, कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे, घटकाभर टेकायचं ती ही खोली. बऱ्याच चौक्या म्हणजे पुलाखालची किंवा फुटपाथवरची पत्र्याची शेड. बाई कामगाराने कपडे कुठे बदलायचे, पाळीच्या दिवसांत कुठे जायचं? शहरभरची शौचालयं ज्यांच्यामुळे वापरण्याजोगी राहतात, त्यांच्यासाठी चौकीवर शौचालय नसावं, यासाठी कुठलंही कारण मला पटणार नाही. गमबूट आणि हातमोजे मापाचे, वेळेवर आणि पावसाळ्यापूर्वी मिळावेत, यासाठी तर नवा कायदाही करायला नको.

क्वार्टरचं दुःख वेगळं आहे. घर नोकरीशी बांधलेलं, म्हणून नोकरी संपली की घर सोडायचं. तीस-पस्तीस वर्षं मुंबई झाडून माणूस निवृत्त होतो आणि मुंबईतच त्याला जागा उरत नाही. म्हणून मग मुलाला वारसा हक्काने त्याच खात्यात चिकटवायची धडपड सुरू होते. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनी दिलेला वारसा हक्क टिकलाच पाहिजे. भुकेल्या घराचा तो शेवटचा आधार आहे. पण माझं एक स्पष्ट मत इथे नोंदवतो. बी.ए. झालेल्या मुलीच्या हाती केवळ छप्पर वाचवण्यासाठी आजीचाच झाडू यावा, हा न्याय नव्हे. तिच्या शिक्षणाला साजेशी जागा तिला पालिकेतच मिळावी आणि निवृत्त कामगाराला मालकी हक्काचं घर मिळावं, म्हणजे झाडू जातीला चिकटून राहणार नाही.

हे सगळं आज का बोलायचं? २०२५मध्ये पालिकेने मुंबईच्या बहुतेक वॉर्डांतला कचरा गोळा करून वाहून नेण्याचं काम खासगी कंपन्यांना वर्षानुवर्षांसाठी देणारं, सुमारे चार हजार कोटी रुपयांचं टेंडर काढलं. कामगार संघटना एकत्र आल्या, कामगारांनी संपाच्या बाजूने मतदान केलं, आणि जुलैमध्ये प्रशासनाला बोलणी करावी लागली. कुणाची नोकरी जाणार नाही, असं आश्वासन मिळालं. आज कामावर असलेल्या माणसाची नोकरी जाणार नाही, हे मान्य. पण तो निवृत्त झाल्यावर त्याची जागा राहील का? लेखात सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी.

त्या वेळी सभागृहच नव्हतं. ७ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं पालिका प्रशासकाने चालवली. एवढा मोठा निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाला विचारल्याशिवाय पुढे सरकला. आता निवडून आलेले २२७ नगरसेवक आहेत. त्यांनी हा विषय पटलावर घ्यावा आणि प्रत्येक वॉर्डात किती कायम जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत आणि किती कंत्राटात गेल्या, हे जाहीरपणे विचारावं.

पैसे नाहीत, असं उत्तर येईल. २०२५-२६चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. देशात एवढी मोठी पालिका दुसरी नाही. समुद्रात रस्ता बांधायला जिला पैसे मिळतात, तिला पत्र्याची चौकी बदलायला आणि विधवेला पेन्शन द्यायला ते मिळालेच पाहिजेत. कंत्राट स्वस्त पडतं असं म्हणतात, तेव्हा बचत कुठून होते ते बघा. रस्ता झाडायला तेवढेच हात लागतात आणि कंपनीला नफा हवा असतो. मग कमी होतं ते कामगाराचंच. कायम कामगार काम टाळतात, अशीही तक्रार असते. काही टाळत असतील. त्यांच्यावर शिस्तीची कारवाई करा, त्यासाठी नियम आहेत. पण दहा जण कामचुकार आहेत म्हणून हजारोंच्या जागा पुसून टाकणं, हे कुठल्याही कार्यालयात आपण चालवून घेतलं नसतं.

न्यायालयंही आता स्पष्ट बोलू लागली आहेत. डिसेंबर २०२४मध्ये जग्गो खटल्यात आणि जानेवारी २०२५मध्ये गाझियाबाद पालिकेच्या माळ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की नेहमीचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या माणसांकडून करून घेऊन सरकारी संस्थांनी त्यांचे हक्क बुडवू नयेत. पण प्रत्येक कामगाराने दहा-दहा वर्षं कोर्टात घालवायची का? निर्णय सभागृहात होऊ शकतो.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. या आठवड्यात तुमच्या घराजवळची चौकी शोधा. तिथे नळाला पाणी आहे का, बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का, ते डोळ्यांनी बघा. तुमचा रस्ता झाडणाऱ्या माणसाला विचारा: कायम आहात की कंत्राटात? पगाराची पावती मिळते का? फंडाचा नंबर माहीत आहे का? कंत्राटदाराने फंड भरला नाही, पगार थकवला, तर मूळ मालक म्हणून जबाबदारी पालिकेचीच आहे. तेव्हा तक्रार वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. मात्र कामगाराचं नाव लिहू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी बंद होईल. सोसायटीच्या सभेत ठराव करा, त्यावर सह्या घ्या आणि तो घेऊन नगरसेवकाकडे जा. एकट्याने जाऊ नका, दहा जणांनी जा. माहितीच्या अधिकारात तुमच्या वॉर्डातल्या रिकाम्या जागांचा आकडा मागा आणि तो सोसायटीच्या फलकावर लावा. आणि उद्या हे कामगार संपावर गेले, दोन दिवस कचरा उचलला गेला नाही, तर त्यांना शिव्या देऊ नका. ओला कचरा घरात झाकून ठेवा आणि पालिकेला फोन करून विचारा की तुम्ही त्यांच्याशी बोलणी कधी करताय?