मामांची किडनी आणि एक मिलिमीटर

तर झालं असं, की गेल्या वर्षी ऐन दिवाळीत आटपाडीहून मामांचा फोन. "आरं, तू त्या काम्प्युटरात असतोस न्हवं? मग मला एक सांग, शिटी मोठा का यमाराय मोठा?"

मामांची डाळिंबाची बाग आहे. माणदेशातलं ऊन, दिवसभराचं काम आणि पाणी पिण्याची बोंब. व्हायचा तो मुतखडा झालाच. सोनोग्राफीत खडा सापडला, आणि सोबत डाव्या किडनीवर पाण्याची गाठही. सिस्ट. पन्नाशीनंतर अशा साध्या गाठी सर्रास सापडतात आणि बहुतेक कुणाला त्रास देत नाहीत. पण मामांच्या गाठीत आत पडदे होते. म्हणून सांगलीकडे जाऊन सीटी. रिपोर्ट : बोस्नियाक टू-एफ. मग कुणीतरी पिल्लू सोडलं, "सीटी जुनं झालं, एमआरआय काढा." काढला. रिपोर्ट : बोस्नियाक थ्री. झालं! मामी रडायला लागली, मामेभाऊ म्हणाला, "एका किडनीवर भागतं की, काढूनच टाकू."

मी डॉक्टर नाही. पण दोन टूल्स एकाच बगची वेगवेगळी सिव्हिरिटी दाखवतात तेव्हा काय करायचं, हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. म्हणून वाचत बसलो.

हा बोस्नियाक म्हणजे न्यूयॉर्कचा रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बोस्नियाक. १९८६ साली त्याने किडनीतल्या सिस्टची वर्गवारी मांडली. पहिला वर्ग निव्वळ पाणी, चौथा जवळजवळ नक्की कॅन्सर. तिसऱ्यात साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात, म्हणजे नाणेफेक. टू-एफ नंतर आला. एफ म्हणजे फॉलोअप. बहुधा निरुपद्रवी, पण नजर ठेवा.

आता गंमत बघा. ही सगळी वर्गवारी मुळात सीटीवर बेतलेली. सीटी घनता आकड्यात मोजतं, हाउन्सफिल्ड युनिटमध्ये. पाणी शून्य, हवा उणे हजार. (हा हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हता हं, आपल्यासारखा इंजिनिअर! १९७९ चं वैद्यकाचं नोबेल त्याला मिळालं.) शिरेतून डाय सोडल्यावर गाठीच्या भिंतीचा किंवा पडद्याचा आकडा २० च्या वर वाढला, तर तिथे रक्तपुरवठा आहे असं धरतात.

एमआरआयचं बलस्थान वेगळं. मऊ भागातले फरक त्यात जास्त स्पष्ट दिसतात आणि क्ष-किरणही नाहीत. डायच्या आधीचा फोटो नंतरच्या फोटोतून वजा करतात, म्हणजे आपला चक्क 'डिफ'. गाठीत जुनं रक्त असेल किंवा चुन्याचा जाड थर सीटीला चकवत असेल, तिथे हा डिफ कामी येतो. पण रुग्णाने दोन्ही वेळेला श्वास सारखा धरला नाही तर डिफ गंडतो. आणि चुना स्वतः मात्र एमआरआयला नीट दिसत नाही.

मग मोठा कोण? २००४ साली बोस्नियाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ६९ गाठी दोन्ही यंत्रांवर पडताळल्या. ५६ गाठींत निष्कर्ष सारखेच आले. उरलेल्या १३ मध्ये फरक पडला तो मुख्यतः एमआरआयला जास्त पडदे किंवा जाड भिंत दिसल्यामुळे. काही गाठी त्यामुळे वरच्या वर्गात गेल्या.

माझा मुद्दा इथेच आहे. लॉगिंग 'वॉर्निंग'वरून 'डीबग'वर नेलं की लॉग दसपट होतो. म्हणून प्रोग्रॅम दसपट बिघडला का? गाठ तीच, फक्त दिसतंय जास्त. 'नवीन आणि महाग म्हणजे खरं' हा आपल्या शहरी मंडळींचा लाडका अंधविश्वास आहे, आणि तो आम्हीच गावाला निर्यात करतो.

२०१९ मध्ये या वर्गवारीची सुधारित आवृत्ती सुचवली गेली. त्यात एमआरआयचे निकष आले आणि 'जाड'सारख्या मोघम शब्दांना मापं मिळाली. डाय घेणारा गुळगुळीत पडदा ३ मिलिमीटर असेल तर टू-एफ, ४ किंवा जास्त असेल तर थ्री.

मग दोन्ही सीड्या घेऊन पुण्यातल्या एका किडनीचे फोटो वाचण्यात मुरलेल्या रेडिओलॉजिस्टकडे गेलो. तिने दोन्ही शेजारी-शेजारी लावले, तिरका कट टाळून पुन्हा मोजलं. ३ मिलिमीटर. कडा गुळगुळीत, गाठोळं नाही. टू-एफ. म्हणजे सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी, अशी एकूण पाच वर्षं तपासणी. एका मिलिमीटरवर माझ्या मामांची किडनी लटकली होती राव!

एमआरआय वाईट, असं मी अजिबात म्हणत नाहीये. उद्या तिला खरंच थ्री दिसला असता तर आम्ही सर्जनसमोरच बसलो असतो. (आणि तिथेही पहिला प्रश्न असता, पूर्ण किडनी काढायची की फक्त गाठ?) पण ऑपरेशनच्या आधी तीन प्रश्न विचाराच. वर्ग नेमका कशावरून ठरवला? जुना आणि नवा फोटो एकाच माणसाने शेजारी ठेवून पाहिला का? आणि थांबलो तर धोका किती?

सहा महिन्यांची तपासणी झाली. गाठ आहे तशीच आहे. मामांना फोनवर सगळं समजावलं, तर म्हणाले, "म्हंजी डाळिंब न फोडता आतलं पापुद्रं मोजायचं काम हाय की रं."

अगदी तेच, मामा. आणि मोजून होईपर्यंत फोडायची घाई करायची नाही. पाणी तेवढं प्या.