स्टेम सेल ट्रान्सप्लांट यशस्वी झालं, पण रुग्णाचं जगणं कसं मोजतात?

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, नवा बोन मॅरो काम करू लागला, म्हणजे ट्रान्सप्लांट यशस्वी. पण घरी परतलेल्या रुग्णाला पायऱ्या चढता येतात का? रात्री झोप लागते का? ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

मग मोजतात कसं?

प्रश्नावलीने. ‘फॅक्ट-बीएमटी’ ही प्रश्नावली खास ट्रान्सप्लांटच्या रुग्णांसाठी आहे. गेल्या ७ दिवसांत शरीर, मन, घरची साथ आणि रोजची कामं कशी होती, यावर रुग्ण स्वतः ० ते ४ गुण देतो. अंधुक दिसणं, वारंवार होणारा संसर्ग, नोकरीची काळजी, इतकंच काय, ट्रान्सप्लांट केल्याचा पस्तावा, हेही त्यात विचारलं जातं. ट्रान्सप्लांटआधी आणि नंतर ठरावीक काळाने ती पुन्हा भरून घेतली, की सुधारणा किती झाली ते कळतं.

नांदेड-लातूरसाठी हे महत्त्वाचं का?

भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. आजही मराठवाड्यातले अनेक रुग्ण त्यासाठी मुंबई-पुणे गाठतात. दुसऱ्याच्या स्टेम सेल घेतल्या असतील, तर पहिले साधारण १०० दिवस हॉस्पिटलच्या जवळच राहावं लागतं. म्हणजे खोलीचं भाडं, सोबत राहणाऱ्याचा बुडालेला रोजगार. त्यानंतर प्रत्येक तपासणीसाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास.

प्रश्नावलीत काय सुटतं?

ट्रान्सप्लांटनंतर बराच काळ प्रतिकारशक्ती कमी असते. माती, धूळ, कुजका पालापाचोळा यांतल्या बुरशीमुळे फुफ्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्यापासून लांब राहायला सांगतात. ऑफिसात काम करणारा काही महिन्यांनी खुर्चीवर परत बसू शकतो. सोयाबीनची रास करणाऱ्याचं कामच धुळीतलं. ‘काम करता येतं का?’ या प्रश्नाला दोघांनी सारखेच गुण दिले, तरी दोघांची अडचण सारखी नसते. म्हणून गुणांच्या जोडीला रुग्णाशी बोलणंही लागतं.

रुग्णाने काय करावं?

थकवा, कोरडे डोळे, तोंडातले फोड, झोप, उदासी, पैशांची ओढाताण यांची वहीत तारखेसह नोंद ठेवावी. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपणहून सांगावं. कोरडे डोळे किंवा तोंडातले फोड ही नव्या पेशी शरीरावर हल्ला करत असल्याची खूणही असू शकते. ती लवकर कळली, तर उपचार वेळेत सुरू होतात. ‘जीव वाचला, आता तक्रार कशाला’ म्हणून गप्प बसणं महागात पडू शकतं.