बापाची माफी, आईची लोकल

वाशिंदहून मुंबई सुमारे ८० किलोमीटर. कल्याणपुढे कसारा मार्गावर गाड्या आधीच मोजक्या, त्यामुळे संध्याकाळची एक चुकली की घरी पोचेस्तोवर पोरं झोपलेली. अशा गावात संदीप खरे यांचं, सलील कुलकर्णी यांच्या चालीतलं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ लागलं की चांगले दणकट गडी नाक ओढू लागतात. नवल नाही. लेकीवर जीव आहे आणि तिच्याचसाठी कमवायच्या नादात तिचं बालपण हातचं सुटतंय, ही अपराधाची बोच या गाण्याने उघड्यावर आणली; मराठी बापाला एरवी ती कबूल करायची सोय नव्हती. मला मात्र त्याचा शेवट खटकतो. बाप थेट लेकीच्या पाठवणीपर्यंत पोचतो आणि तेव्हा आपल्यासाठी तिचे डोळे भरतील ना, याची चौकशी करतो. माफी मागता मागता त्याने मागणीच पुढे केली! (प्रेम असंच लबाड असतं म्हणा.) आणि आईचं काय? तीही पहाटे डबे भरून, झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर ओढून त्याच फलाटावर उभी असते. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ चित्रपटात (१९८२) स्मिता पाटीलची सुलभा मुलीला घरी ठेवून नोकरीला जाते, सुरेश भटांची ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही गझल तिचं रितेपण सांगते, माफी मागत नाही. बरंच आहे. बापाच्या कबुलीवर सभागृह टाळ्या वाजवतं. आईने तेच म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, मग नोकरी सोडत का नाहीस?