पोटरीतल्या धानाचं पाणी राखून ठेवा

पाऊस साधो की दगा देवो, चिन्नोर धानाचा दाणा चिन्नोरचाच निघतो. उतारा निम्म्यावर येईल, पण भरलेला दाणा तळहातावर घेतला तर तोच लहानखुरा, बारीक, वासाचा. मी साकोली तालुक्यात धान पिकवतो. दाण्याच्या या शिस्तीमागचं कारण पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्यांनी समजून घ्यावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

पोटरीवर आलेलं धानाचं एक ताट उभं चिरून बघा. पानांच्या गुंडाळीत कोवळी पांढरट लोंब असते आणि तिच्यावर तुसाच्या जोड्या. आत अजून तांदूळ नाही, नुसतं फूल. पण दाणा किती लांब, किती रुंद होणार ते तिथंच ठरतं. निसवल्यावर फूल फळतं, तांदूळ आठवडाभरात तुसाची लांबी गाठतो, मग जाडी भरतो. तुसाबाहेर त्याला जागाच नाही. म्हणून हजार दाण्यांचं वजन हा वाणाचा सर्वांत स्थिर गुण मानतात.

तुसातल्या पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुकंही सापडली आहेत. चिनी संशोधकांनी २००६ मध्ये जीएस-३ शोधलं. त्यातलं एक अक्षर बदललं की लगाम सुटतो, दाणा लांबतो. पुढच्याच वर्षी सापडलेलं जीडब्ल्यू-२ निकामी झालं की दाणा रुंदावतो.

म्हणजे आकार वाण सांभाळतं. आपण गमावतो ते भरणं. पोटरीत पाण्याचा ताण बसला की लोंबीवरचे दाणे घटतात, पराग वांझ होतात, तूस रिकामं राहतं. बाहेरून आकार तोच, चिमटीत धरलं की पोचट.

भौगोलिक मानांकन मिळालेला आपला चिन्नोर हे भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान. ते निसवतं तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो, हलकं धान कापणीला येतं आणि गावाला वाटतं, आता पाण्याची गरज संपली. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. तरी आमच्याकडच्या कित्येक बांध्या आजही मामा (माजी मालगुजारी) तलावांवरच आहेत, आणि गाळानं तलाव उथळ झालेत. गाळ काढायला हवाच. पण त्याआधीही एक काम बिनखर्चाचं आहे. रोवणी होताच प्रत्येक गावानं भारी धान किती एकर आहे ते लिहून घ्यावं, तेवढं पाणी तलावात शेवटच्या पाळीसाठी राखावं आणि बाकीच्याची वाटणी त्यानंतर करावी.