भाच्याचा हट्ट आणि तीन हजार पौंडांचा दाब

मध्यंतरी अमेरिकेतून ताईचा फोन आला. आवाजात काळजी होती. "अगं, तुझ्या भाच्याला घरच्या गॅरेजमध्येच गॅस भरायची सोय करायची आहे. हे तर त्याच्याच बाजूचे! तू तरी समजाव त्याला."

"गॅस? कसला गॅस?" मी दचकून विचारले.

हा गॅस होता पेंटबॉलच्या खेळाचा. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावी बारा जण हा खेळ पहिल्यांदा खेळले. झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या रंगाच्या बंदुका घेऊन ते जंगलात उतरले होते. पुढे तो खेळ घरोघरच्या मुलांपर्यंत पोहोचला. रंगाची गोळी सुटते ती बाटलीत दाबून भरलेल्या वायूच्या जोरावर. बाटली रिकामी झाली की खेळ संपला. भाच्याच्या घरापासून भरून देणारे दुकान तासाभराच्या वाटेवर. मग घरीच का भरू नये, हा त्याचा सवाल.

यात दोन मार्ग आहेत. एक कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू बाटलीत द्रवरूपात असतो, म्हणून तो वजनावर भरतात. बाटली काठोकाठ भरायची नसते, वर मोकळी जागा ठेवावी लागते. जास्त भरलेली बाटली उन्हात तापली, तर आतला दाब झपाट्याने वाढतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड. बंद गॅरेजमध्ये गळती झाली, तर तो जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो.

दुसरा मार्ग साध्या हवेचा. पाणबुडे वापरतात ती मोठी टाकी दुकानातून भरून आणायची आणि नळी जोडून तिच्यातून छोटी बाटली भरायची. टाकीत दाब असतो दर चौरस इंचाला सुमारे ३,००० पौंड. आपल्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा तो १५ पौंडांच्या आसपास असतो. म्हणजे दोनशे पट! हे ऐकून ताई क्षणभर गप्पच झाली.

भाच्याला मात्र वेगळीच शंका होती. "मावशी, पहिली बाटली पूर्ण भरेल, मग पुढच्या कमी का भरतात?" मी म्हटले, "दोन भांडी खालून नळीने जोडली, तर दोन्हींतले पाणी एका पातळीला येते ना? तसेच हे." टाकीतला दाब उतरत जातो, म्हणून जाणकार दोन टाक्या ठेवतात. आधी कमी दाबाच्या टाकीतून भरायचे आणि शेवटचा भर जास्त दाबाच्या टाकीतून घालायचा.

खरी गोष्ट मी शेवटी सांगितली. २००४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पेंटबॉलच्या कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांबाबत इशारा दिला होता. बंदुकीवरून बाटली काढताना बाटलीऐवजी तिचा व्हॉल्व्हच आट्यांतून सुटला आणि बाटली बाणासारखी उडाली. त्यात दोन जीव गेले होते. एक पंधरा वर्षांचा मुलगा होता, तर दुसरी एक आई.

फोनवर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग भाचाच म्हणाला, "मावशी, काय करू ते सांग."

आमचे ठरले ते असे. कार्बन डायऑक्साइड नको, हवाच. जोडणी जाणकार माणसाने करायची. व्हॉल्व्हला घरच्या कुणीही पाना लावायचा नाही. बाटलीवर छापलेल्या दाबापेक्षा जास्त कधीही भरायचे नाही. तपासणीची तारीख उलटलेली बाटली भरायचीच नाही. तोंडाला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, कारण इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकते. हवा सावकाश सोडायची, घाईने भरली तर बाटली तापते. नळी सोडवण्यापूर्वी तिच्यातला दाब मोकळा करायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि बाबा शेजारी उभे असल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही.

"शेवटची अट मला सगळ्यांत आवडली," ताई म्हणाली. भावोजी मागून हसल्याचे ऐकू आले.

आपल्याकडे परवान्याशिवाय असे सिलिंडर भरणे कायद्याला मंजूर नाही. पण फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेले. आपल्या सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरही तपासणीची मुदत रंगवलेली असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर आणि पुढे वर्षाचे आकडे. भाच्याला एवढे बजावणाऱ्या मी ती अक्षरे आजवर कधी वाचलीच नव्हती. तुम्ही वाचली आहेत का? पुढचा सिलिंडर दारात आला, की आधी तेवढे पाहा आणि मगच तो आत घ्या.