खिशातला फोन आणि कारखान्याचा काटा



वजनकाट्यावरचा सभासदाचा विश्वास हाच सहकारी कारखान्याचा पाया. म्हणून काट्याच्या खोलीत आपण परक्या माणसाला पाऊल ठेवू देत नाही. पण ती खोली आता नुसती चार भिंतींची राहिलेली नाही. काटा संगणकाला जोडलेला, तो संगणक शेतकी आणि हिशेब खात्याला जोडलेला, आणि ऑफिसच्या वायफायवरून त्याच जाळ्यात कोणाचाही मोबाईल शिरतो. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार.

मोबाईल बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. ते चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. सावली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. उसाचे प्लॉट दूर दूर, रेंजचा भरवसा नाही. स्लिपबॉय बांधावर मोजणी करतो, लागणीची तारीख आणि फोटो फोनमध्ये ठेवतो आणि ऑफिसला आला की पाठवतो. ही सोय सोडून पुन्हा वहीकडे वळायचे कशाला?

पण तोच फोन रात्री घरी पोरांच्या हातात असतो. लग्नपत्रिका म्हणून किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल येते. ती टाकून घेतली, परवानग्या दिल्या, की मेसेज आणि ओटीपी भलत्याच्याच हाती. असा फोन सकाळी वायफायला लागला, तर शेजारच्या संगणकांची दारेही ठोठावून पाहू शकतो. आणि त्या संगणकांत आहे काय? तुमचे बँक खाते, आधार क्रमांक, तोडणीचा क्रम आणि टनाचा हिशेब.

कोणी म्हणेल, आडगावच्या कारखान्याकडे बघतो कोण? जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प करून गेला. तो मोबाईलमधून आला नव्हता, हे खरे. पण त्याला न्हावाशेव्याशी वैर नव्हते. एका जाळ्यात असणे एवढेच पुरले. ऐन हंगामात आपला काटा असा अडला, तर गाड्यांची रांग लागेल, तोडलेला ऊस वाळेल, वजन घटेल. तोटा कोणाचा? सभासदाचाच.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. काट्याचा आणि हिशेबाचा संगणक वायफायपासून पूर्ण वेगळा ठेवावा. पाहुण्यांना आणि कर्मचाऱ्यांच्या खाजगी फोनला निराळी लाईन द्यावी. ऊस नोंदीसाठी कारखान्यानेच फोन द्यावेत आणि त्यात दुसरे काही टाकू देऊ नये. फोन हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद व्हावा. आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नये!

खर्च येईल, नाही असे नाही. पण गाळपाआधी आपण काटा तपासून घेतो, तो खर्च कोणी वायफळ म्हणत नाही. संचालक मंडळाने हे जाळेही त्याच यादीत घ्यावे आणि सभासदांनी वार्षिक सभेत त्याची विचारणा करावी. पुढच्यास ठेच लागलेली आहे. मागच्याने शहाणे व्हायला हरकत नाही.